देवाच्या नावे अर्ज

देवाला कामाला लावावं तर आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांनीच. घोडेगावच्या कचेरीत उभी हयात आवक-जावकच्या टेबलावर काढलेला हा माणूस निवृत्त झाला, पण अर्ज काही सुटला नाही. घर ख्रिस्ती, श्रद्धा पक्की. फक्त तोंडी प्रार्थना त्यांना मंजूर नाही. "मोघम बोललेलं वर पोचत न्हाई, राव. लेखी पायजे!" म्हणून फुलस्केप कागदावर समास सोडून 'आकाशातील बापाच्या सेवेशी' असा अर्ज लिहायचा, विषय टाकायचा, खाली सही ठोकायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचायचा. एकदा पावसासाठी अर्ज केला, त्यात स्वतःच्या वावराचा गट नंबर घातला. मी बांधाला बांध लागलेला शेजारी. म्हटलं, माझाही नंबर टाका की! तर म्हणाले, "तुमचा अर्ज तुमी तुमच्या देवाकडं करा. हद्दीचा घोळ नको." काकूंच्या उजव्या गुडघ्यासाठी अर्ज केला, उजवा बरा झाला आणि डावा धरला, तर हे कपाळावर हात मारून, "डाव्याचा उल्लेख राहिला की!" काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आणि सहीबद्दल तर विचारूच नका. कोऱ्या कागदावर सही करू नये, ही त्यांची दहा आज्ञांनंतरची अकरावी आज्ञा. कुणी घाईत फॉर्मवर सही करताना दिसला की रस्त्यावरून ओरडायचे, "आधी वरचं भरा!"

एका अर्जापुढं मात्र माझंही हसू आटायचं. मुलानं न विचारता पुण्यात लग्न केलं, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे त्यांचा आगमनकाळ. काकू दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत जायच्या आणि भाऊसाहेबांचा अर्ज एकच: मुलानं चोवीस तारखेला चारच्या एसटीनं एकट्यानं यावं आणि उंबऱ्यावर माफी मागावी. तीन वर्षं मी त्यांना मोटारसायकलवर स्टँडला नेलं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत हे उभे. मुलगा काही यायचा नाही. मला तर त्यांच्या देवाचा रागच यायचा.

यंदा तिसऱ्या रविवारी पावट्याच्या शेंगा द्यायला गेलो, तर हे पेन उघडून नुसते बसलेले. काकू मेणबत्ती लावता लावता म्हणाल्या, "अवो, तुमी देवाला हुकूम सोडता अन् त्याला अर्ज म्हणता. कुठल्या गाडीनं यायचं ते तरी त्याला ठरवू द्या." भाऊसाहेबांनी कागद पुढं ओढला. मग वर देवाचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि मधली जागा कोरीच ठेवली. मी हबकलोच. "भाऊसाहेब, कोऱ्या कागदावर?"

"भरू दे त्याला काय भरायचं ते," एवढंच म्हणाले. आणि कागद खिळ्याला टोचला.

चोवीसला ते स्टँडला जायला निघालेच नाहीत. मी विचारायला गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजलेले, गालाला साबण लावून दाढीला बसलेले. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. उतरली ती सून, कडेवर दीड वर्षाची पोर. मुलगा नव्हता. "त्यांची हिंमत होत नाही, बाबा," ती म्हणाली, "म्हणून मीच आले. घरात घ्याल ना?" इतक्या अर्जांत हिचं नावसुद्धा कधी आलं नव्हतं. भाऊसाहेब साबणासकट उठले, नातीला उचललं आणि म्हणाले, "त्याला फोन लाव. सांग, माफीचं कलम काढून टाकलं म्हणावं." काकू दाराआड डोळे पुसत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही.

नातीनं आजोबांच्या कडेवरूनच खिळ्याचा कागद ओढला, खिशातलं पेन पळवलं आणि खाली बसून कोऱ्या जागेत मनसोक्त गिरगटलं. तो कागद पुन्हा भिंतीवर गेलाय. मुलगा अजून यायचाय. फोनवर 'हं, हं' पर्यंत मजल आलीय. भाऊसाहेब रोज चष्मा लावून त्या रेघोट्यांपुढं उभे राहतात. परवा मी विचारलं, "काय लिहिलंय हो?"

"लागत न्हाई अजून," त्यांनी वर बोट दाखवलं. "पण अक्षर त्याचंच हाये."