अकरावं नाव

जेथ्रो स्टॅम्परच्या हातात अक्षर होतं. इंडियानातल्या आमच्या दगडखाणीत दगड फोडणारे पन्नास होते, पण थडग्यावर नाव कोरायची वेळ आली की सगळे त्याच्याकडेच बोट दाखवत. बोलण्यात मात्र माणूस भलता कंजूष. लग्न नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा आणि लोक गप्पांना उभे राहायच्या आत सटकायचा. सगळ्यांना वाटे, हा जन्माचाच घुम्या. तसं नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्याला दहा आठवडे तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि ती सवय पुढे सुटलीच नाही.

ते साल १८९३. खाणीपासून सात मैलांवरच्या कॉलेजनं फुटबॉलचा संघ काढला त्याला दोनच वर्षं झाली होती, आणि दोन्ही वर्षं मर्टन कॉलेजनं त्यांना सपाटून मार दिला होता. तेव्हाचा खेळ म्हणजे अकरा जणांनी हातात हात अडकवून पाचर करायची आणि समोरच्या अकरांवर जाऊन आदळायचं. डोक्यावर काही नसे, म्हणून पोरं उन्हाळ्यापासूनच केस वाढवत. कॅप्टन हॅडली हा न्यायाधीशाचा मुलगा. एकदा तो खाणीवर आला आणि जेथ्रो एकटा शिळा सरकवताना बघून तिथेच थबकला. त्याच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. संघात फक्त कॉलेजचे विद्यार्थीच चालत. कॉलेजात वॉरन एलिंगवुड म्हणून ओहायोचा एक विद्यार्थी होता, खोकून खोकून अर्धा झालेला. त्याच्या नावावर जेथ्रोनं खेळायचं, असं ठरलं.

"मैदानावर तोंड उघडू नकोस," हॅडलीनं बजावलं. "तू दोन शब्द बोललास की बहिऱ्यालाही कळेल हा खाणीतला आहे. आणि मर्टनला हरवलं ना, की मेजवानीत मी स्वतः उभा राहून सगळ्यांना तुझं खरं नाव सांगेन. शब्द देतो."

जेथ्रो त्या शब्दावर भाळला. आईबाप लहानपणीच गेले होते, आणि त्याचं नाव चारचौघांत उभं राहून आजवर कुणी घेतलं नव्हतं.

तो वॉरनच्या खोलीत राहायला गेला. संघातली पोरं एकत्र जेवत, तेव्हा हा टेबलाच्या टोकाला. ती त्याला थट्टेनं एलिंगवुड म्हणत, मग सवयीनं म्हणू लागली, आणि पुढे पुढे तर त्याचं दुसरं काही नाव असेल हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही. शनिवारी मैदानाभोवती बग्ग्या लागत. जेथ्रोनं समोरचा गडी आडवा केला की एलिंगवुडच्या नावाचा गजर होई. पहिल्यांदा त्यानं मागे वळून पाहिलं, हा कोण एलिंगवुड म्हणून. एवढ्या गर्दीत आपण कुणीच नाही, हे त्याला तेव्हा फार लागलं.

खरा वॉरन त्या वेळी पडदा ओढून खोलीत बसलेला असे, दोन एलिंगवुड कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. संध्याकाळी जेथ्रो कान फुटलेला, गुडघे सोललेले असा परत आला की तो त्याला शेगडीजवळ बसवी. "चल जेथ्रो, पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस." मग जेथ्रो सांगे. दहा आठवड्यांत त्याला त्याच्या नावानं हाक मारणारं तेवढं एकच तोंड होतं.

नोव्हेंबरात संघाचा फोटो काढायला फोटोवाला आला. हॅडलीनं जेथ्रोचं खेळायचं कॅनव्हासचं जाकीट काढून वॉरनच्या अंगात चढवलं. ते त्याला पोत्यासारखं झालं. जेथ्रो कॅमेऱ्याच्या मागे सगळ्यांचे कोट धरून उभा राहिला.

नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी बर्फात मर्टन हरलं, सहा विरुद्ध चार. शेवटचा टचडाउन जेथ्रोचा, पाठीवर तीन गडी घेऊन चेंडू रेषेपार नेऊन केलेला. मेजवानीत हॅडली उभा राहिला तेव्हा जेथ्रोनं काटा खाली ठेवला, ओठ पुसले. हॅडलीनं पेला उचलला तो एलिंगवुडच्या नावानं, आणि वॉरनला उठून मान लववावी लागली. त्यानं जेथ्रोकडे बघायचं टाळलं. नंतर हॅडली म्हणाला, बाहेर फुटलं तर जिंकलेला सामना हातचा जाईल, समजून घे. समजून घ्यायला अशी माणसं नेहमी दुसऱ्यालाच सांगतात. सोमवारी जेथ्रो ते मानेवर रुळणारे केस घेऊन खाणीवर परतला. फेब्रुवारीत वॉरन वारला, हे त्याला वसंतात कळलं.

बारा वर्षांनी हॅडली पुन्हा खाणीवर आला, आता वकील आणि पोट सुटलेला. मैदानाच्या फाटकात त्या संघाच्या नावांची शिला बसवायची होती. जेथ्रोनं यादी वाचली आणि सरळ म्हणाला, "यात माझं नाव पाहिजे." हॅडलीनं कॉलर सैल केली. "कोर बाबा. आता कुणाला काय पडलंय? फक्त वॉरनची आई बघायला येणार आहे. तिला तूच सांग."

जेथ्रोनं दहा नावं कोरली आणि अकराव्याची जागा कोरी ठेवली. काय सांगायचं ते तीन दिवस मनात घोळवलं. बाई आल्या, काळ्या हातमोज्यांतल्या, बारीक चणीच्या. त्यांनी कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"इथे माझा वॉरन?" त्या म्हणाल्या. "जाकीट किती ढगळ होतं हो त्याचं फोटोत. त्या बर्फातल्या सामन्यानंच त्याची छाती धरली. पण किती खेळला! दर शनिवारच्या सामन्याचं पत्र यायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. तुम्ही पाहिलंत कधी त्याला खेळताना?"

"सगळे सामने," जेथ्रो म्हणाला.

"नाव काय तुमचं?"

त्यानं सांगितलं. बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"जेथ्रो? त्याच्या खोलीतला? तो खोकणारा? अरे, तुझी किती काळजी होती त्याला. लिहायचा, बिचारा जेथ्रो पडदा ओढून एकटा बसतो, मी आल्यावर त्याला सामना सांगतो, तेवढाच त्याला विरंगुळा. मी तुझ्यासाठी प्रार्थना करायचे रे. बरा झालास तर."

जेथ्रोनं तीन दिवसांचं बोलणं बाजूला ठेवलं. "झालो बरा," तो म्हणाला.

बाईंनी डोळे पुसले आणि जायला निघाल्या. खाणीच्या फाटकापाशी पोचल्या तेव्हा त्यानं मागून विचारलं, पत्रं अजून आहेत का.

"आहेत की. एकूण एक."

"माझं नाव कितीत आहे?"

"सगळ्यांत," बाई म्हणाल्या.

त्यानं छिन्नी उचलली आणि अकराव्या जागेवर वॉरन एलिंगवुडचं नाव कोरायला घेतलं.