भरल्या गालांची अट

वलवणला माझं पार्लर आहे. लग्नसराईत नवऱ्या मुली येतात आणि खुर्चीत बसल्या बसल्या सांगतात, मॅडम, गाल जरा भरलेले दिसू देत. कंबर बारीक करायला उपाशी राहिलेल्या असतात आणि कमरेआधी तोंड बसलेलं असतं. मी त्यांना फार बोलत नाही. लग्न चार दिवसांवर आल्यावर बोलून काय उपयोग? ब्रश उचलायचा आणि कामाला लागायचं. ही वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं, कारण मी चांगली आडव्या अंगाची, गोल तोंडाची बाई. माहेरी, आंदर मावळात, माझ्या गालांवरून लहानपणापासून चेष्टा व्हायची आणि त्यात माझा धाकटा भाऊ सगळ्यांच्या पुढे असायचा.

त्या भावाच्या किडन्या निकामी झाल्या. तो आंबीला कंपनीत होता, शिफ्ट सांभाळून भातशेती करायचा. पायांवर सूज आली ती त्याने अंगावर काढली आणि कळलं तेव्हा डायलिसिसवाचून इलाज उरला नव्हता. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तळेगाव. गावाला एसटी धड नाही. जाताना कसाबसा रस्त्यापर्यंत चालत यायचा, येताना ती ताकद राहायची नाही, मग कुणाची तरी पिकअप शोधायची. आई-वडील आमचे गेलेले. भावजयीचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुझा भाऊ आहे, तू ठरव." माझं ठरलेलंच होतं.

डॉक्टरांनी मात्र मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, तुमची किडनी चालेल, पण तुम्ही अशा चालणार नाही. वजन फार आहे, साखर काठावर आहे. दोन्ही खाली आणा, मग पुढचं बोलू.

मी घरी आले ती चिडूनच. भात बंद केला, रात्रीचं जेवण बंद केलं. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि काकडी, बस्स. धरणाच्या बाजूला दोन्ही वेळा चालायचे, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. काटा भराभर खाली येत गेला आणि मी स्वतःवर खूश होते. दिवसभर आरशापुढे उभी असायचे, पण बघायचे ते खुर्चीतलं तोंड. गिऱ्हाईक बायका विचारायला लागल्या, बरं नाही का तुम्हाला? मी म्हणायचे, डाएट चालू आहे. त्या "अगं बाई" म्हणायच्या.

भाताची लावणी उरकल्यावर मी भावाला भेटायला गावी गेले. तो ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, वजन उतरलंय, साखर पण उतरली, आता थोडंच राहिलंय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

"आक्का, तू आजारी हायस का?"

"आजारी कशाला असेन? तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"आई शेवटाला अशीच दिसत व्हती. गाल आत, डोळं खोल. मला न्हाई घ्यायची तुजी किडनी."

मला वाटलं, थकलाय, काहीतरी बोलतोय. पण तो हट्टाला पेटला. म्हणाला, "आजून काय काढलं न्हाई तर तुजी ही गत. काढल्यावर काय ऱ्हाईल? तुला खाऊन मी जगू व्हय?" मी ओरडले. वेडा आहेस का, डॉक्टरांना जास्त कळतं की तुला, मरायचंय का तुला? भावजय आतून चहा घेऊन आली, तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिलाही तेच दिसत होतं.

पुढच्या खेपेला मी अक्कलहुशारी केली. हातात कला आहे, ती कधी वापरायची? गालांच्या खळग्यांत उजळ रंग भरला, वर गुलाबी फिरवला, डोळ्यांखालचं काळं झाकलं. ज्या नवऱ्या मुलींना मी उभं केलंय त्यांच्यापेक्षा चांगली दिसत होते. भावाने खांद्यावरचा पंचा काढला, तांब्यातल्या पाण्यात बुडवून पिळला आणि माझ्या हातात दिला.

"पूस."

मी पुसलं. लाज वाटली आणि त्याचा मनापासून रागही आला. आजारी माणसाने इतकं बारीक बघू नये.

"तुजं तोंड पयल्यासारकं हू दे," तो म्हणाला, "मंग मी आपरेशनच्या कागदावर सही करीन. वजन किती हाय ते मला न्हाई कळत. तोंड कळतं."

गावाकडे तब्येतीचा अंदाज असाच घेतात. माहेरी आलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही, तोंड बघतात आणि समजायचं ते समजतात. त्याला मी रिपोर्ट दाखवले असते तर त्याने ते बाजूला ठेवले असते.

मी दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमकडे गेले. मुलगी तरुण होती आणि स्वतः काडीसारखी. हिला काय कळणार असंच मी मनात म्हणाले. तिला सांगितलं, बाकीचं वजन जाऊ दे, गाल तेवढे ठेवायचेत. ती हसली नाही. म्हणाली, चरबी कुठली जावी ते आपल्या हातात नसतं, काही जणांची तोंडावरची आधी जाते. पण तुम्ही उपाशी राहून अंगातलं मांससुद्धा घालवताय, म्हणून इतक्या ओढल्यासारख्या दिसता. चेहरा एकटा वाचवता येत नाही. सगळं अंग वाचवलं तर चेहरा थोडा वाचतो. तोही सगळा नाही, हे आधीच सांगते.

मग माझे रिपोर्ट बघून तिने जेवण लावून दिलं. दोन्ही वेळा ताट भरून, पण भात वाटीभर. रोज अंडी, मटकी नाहीतर डाळ, दही, जमेल तेव्हा मासे. चालणं होतंच, त्यात वजन उचलणं आलं. मी पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या आणि पार्लर बंद केल्यावर खुर्ची धरून उठाबशा काढायला लागले. झोप पुरी घ्यायची, पाणी प्यायचं. गालांचे व्यायाम करू का विचारलं तर म्हणाली, करा, पण त्याने वजन उतरताना गाल राहतील अशी आशा धरू नका.

आणि सगळं सावकाश करायचं, असं तिने बजावलं. सावकाश म्हणजे महिने. तिकडे भाऊ प्रत्येक डायलिसिसनंतर जास्त थकत चालला होता, त्याला पाणीसुद्धा मापून मिळत होतं, आणि इथे मी ताट वाढून घेऊन बसले होते. घाई केली तर तो सही करणार नाही. सावकाश गेले तर त्याला तेवढा वेळ मिळेल का, हे कुणीच सांगत नव्हतं. घास तोंडात फिरायचा. तरी मी जेवायचे, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

काटा आता कुरकुरत खाली यायचा. एखाद्या आठवड्यात हलायचाच नाही. पण अंधारी यायची थांबली, जिना चढताना पाय थरथरेनासे झाले, केसांचे पुंजके हातात यायचे तेही कमी झालं. दसऱ्याच्या आसपास एका जुन्या गिऱ्हाईक बाईने विचारलं, काय लावता हो तोंडाला? मी काहीच लावलेलं नव्हतं. तेव्हा मी पहिल्यांदा आरशात स्वतःला नीट बघितलं. पूर्वीचे गोबरे गाल काही आले नव्हते. पण तोंड जिवंत दिसत होतं.

भाऊबीजेला मी काहीही न लावता गेले. भावाला पाटावर बसवलं, ओवाळलं. तो निम्मा झाला होता, सदरा खांद्यावरून घसरत होता. निरांजनाच्या उजेडात त्याने माझं तोंड पारखून घेतलं, बाजारात बैल घेताना बघतात तसं.

"व्हय," म्हणाला. "आता बरी दिसतीस. सही कवा करायची सांग."

मी तबक खाली ठेवलं आणि रडले. त्याने चेष्टा केली, "रडू नगंस, परत गाल बसतील."

पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही चालाल. कागदपत्रं प्रत्यारोपणाच्या समितीपुढे गेली, आणि परवानगीची वाट बघत असतानाच त्याला थंडी वाजून ताप आला. डायलिसिसची नळी घातली होती तिथून संसर्ग झाला होता. रक्तात पसरला आणि थांबला नाही. माझी किडनी माझ्याच अंगात राहिली.

मी त्याच्यावर चिडले होते, आजही चिडते. लावणीनंतर माझं बसलेलं तोंड बघूनही तो हो म्हणाला असता, तर वेळ मिळाला असता का? डॉक्टर म्हणतात, तसल्या तब्येतीत तुम्हाला टेबलावर घेतलंच नसतं. मला ते पटतं. तरी रोज एकदा मी त्याच्याशी भांडते.

माती झाली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. शेजारणींनी कडू घास आणला, पिठलं आणि भाकरी. पंगत बसली आणि मागे दोघी बायका बोलायला लागल्या. मला ऐकू येऊ नये इतक्या हळू त्या बोलत नव्हत्या.

"सख्खा भाऊ गेला आन तोंड बघ कसं टवटवीत."

"पार्लरवाली हाय ती. काय तरी लावलं आसंल."

मी मान वर केली नाही. भावजय भिंतीशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "मावशी, ते तोंड त्येंनी मागून घेतलंय वन्संकडनं. बोलू नगा." मग ती उठून माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

"वन्सं, जेवा."

मी ती भाकरी खाल्ली, सगळी खाल्ली. मला भूक लागली होती.