नौपाडा ते मोहने: चाळीस रुपयांत जिंकलेली पैज

पैजेला कारण माझ्या सासूबाई. राहतात कल्याणजवळच्या मोहन्यात. दर संकष्टीला त्यांना टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं असतं आणि रिक्षाने कंबर धरते, म्हणून गाडी लागते. मेव्हणा नितीन आणि मी दोघेही ठाण्यात, आणि नेमके त्याच दिवशी दोघेही कामात! शेवटी ठरलं: त्याची पेट्रोल गाडी आणि माझी नवी इलेक्ट्रिक, रविवारी नौपाड्याहून मोहन्याला एकत्र न्यायच्या. ज्याचा खर्च जास्त, टिटवाळा त्याच्या गळ्यात.

"भाऊजी, तीन लाख जास्त मोजलेत तुम्ही, ते विसरू नका," नितीनने निघतानाच खवट सुरुवात केली.

"ते होतील रे वसूल. आजचं बोल."

माजिवडा ओलांडून नाशिक हायवेला लागलो आणि मी गुपचूप एसी बंद केला. बायको, मानसी, पदराने वारा घेत माझ्याकडे बघत होती. मी मात्र रस्ताच बघत राहिलो. रांजनोली नाक्याला ट्रकांमागे पाऊण तास अडकलो. (तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत निघा.) नितीनची गाडी जागेवर घुरघुरत पेट्रोल पीत होती, माझी गप्प उभी. मला इतका आनंद झाला की काच खाली करून त्याला टाटा केला. दुर्गाडीचा पूल उतरताना बॅटरी किंचित भरते, हे मानसीला तीनदा दाखवलं. तिने एकदाही बघितलं नाही.

शहाडच्या पंपावर नितीनने निघताना भरलेली टाकी पुन्हा काठोकाठ भरली: अडीचशे रुपये. माझी बॅटरी चौदा टक्के उतरलेली, घरच्या विजेच्या दराने साधारण चाळीस.

पोचल्या पोचल्या मी चार्जिंगची वायर खिडकीतून घेऊन सासूबाईंच्या गिझरच्या प्लगला लावली. जावयाला नाही कोण म्हणणार? मग जेवताना निकाल जाहीर केला. नितीनचा चेहरा पडला.

सासूबाईंनी शांतपणे वरण वाढलं. "म्हणजे जावईबापूंची गाडी चाळीसात येते?"

"हो ना, आई!"

"आणि नितीनची अडीचशेत. मग त्याला कशाला खर्चात पाडायचं? तुम्हीच न्या मला. वीज इथलीच घ्या, आत्ता घेताय तशी."

नितीनने श्रीखंडाची दुसरी वाटी मागितली.

येताना मानसीने एसी फुल्ल ठेवला.

तर मंडळी, रोज ट्रॅफिकमध्ये अडकत असाल आणि चार्जिंगची सोय असेल, तर इलेक्ट्रिक जरूर घ्या. फक्त खर्चाचा आकडा सासरी सांगू नका. येत्या मंगळवारी संकष्टी आहे, म्हणजे अंगारकी. मी रजा टाकलीय.