पेपर सुटायच्या दहा मिनिटं आधी

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११.०५. अमरावती, एका खासगी हॉस्पिटलचा दुसरा मजला, लिफ्टसमोरचा बाक.
हजर : माझा धाकटा भाऊ सुधीर, त्याचा मेव्हणा नंदू, माझे यजमान आणि मी.
गैरहजर : केतकी. सुधीर-शोभाची एकुलती एक मुलगी, वय सतरा. ती त्या वेळी अकोल्याला बारावीचा फिजिक्सचा पेपर लिहीत होती.

वरची नोंद मी त्याच दिवशी डायरीत केली होती, तशीच इथे उतरवली आहे. नावं तेवढी बदलली आहेत. मी एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. कागद नसेल तर घटना घडलीच नाही, असं मी कारकुनांना सांगत आले. भूतखेत, अंगात येणं, कोणी दिसणं... या सगळ्याला माझ्याकडे एकच रकाना होता — 'रिकामटेकडेपणा'. म्हणून अशा अनुभवांच्या या सदरात मी लिहीन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

शोभा, म्हणजे सुधीरची बायको, त्या दिवशी सकाळी १०.४० ला गेली. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, नंतर संसर्ग वाढत गेला. केतकी क्लासेससाठी अकोल्यात जठारपेठेत खोली घेऊन राहायची. आई आजारी आहे एवढंच तिला माहीत होतं.

सुधीर उठला. "मी पोरीले घ्याले जातो."

"आणि सांगशील काय तिले?" मी म्हटलं. आम्ही घरात वऱ्हाडीच बोलतो. "दोन पेपर बाकी आहेत. गुरुवारी केमिस्ट्री, शनिवारी बायोलॉजी. वर्ष गेलं तं शोभाले चाललं असतं का?"

"ताई बरोबर बोलून राहिल्या भाऊजी," नंदू म्हणाला.

"अन् माय-लेकीची शेवटची भेट?" सुधीरनं विचारलं. "तोंड पाहाचं राहून जाईन तिचं."

"रडाले पूर्ण आयुष्य पडलं आहे," मी म्हटलं.

हे वाक्य माझं आहे. नंदूचं नाही, यजमानांचं नाही. सुधीर खाली बसला आणि मी डायरी काढली. शोभाचा मोबाइल माझ्याजवळ राहील. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी काही टाकायचं नाही, कोणाच्या स्टेटसला फोटो नको. वर्तमानपत्रात बातमी रविवारनंतर. केतकीच्या दोन मैत्रिणींच्या आयांना मी स्वतः फोन करेन. आणि केतकीचा फोन आला तर सर्वांनी एकच उत्तर द्यायचं — आईला झोपेचं इंजेक्शन दिलं आहे, बोलता येत नाही. पाऊण तासात सगळ्यांना सांगून झालं. माझी कामं अशी होतात.

दुपारी शोभाला घरी आणलं. २.३५ ला केतकीचा फोन आला. मी जिना चढून गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. खाली अंगणात तिरडीचे बांबू कापणं चाललं होतं.

"आत्या, आई अकोल्याले आली होती का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"मेसमधला वेदांत सांगून राहिला, तुझी आई येऊन गेली म्हणून. मी पेपरातून आली तं इथं कोणीच नाई. बरी झाली का ती? डिस्चार्ज भेटला?"

"नाही बेटा. हॉस्पिटलातच आहे. इंजेक्शन दिलं आहे, झोपली आहे."

"मंग तो असा काहून म्हणते?"

"दुसऱ्या कोणाची आई असंल."

"माहं नाव घेतलं म्हणे तिनं..." ती थांबली. "आत्या, हा आवाज कसला येऊन राहिला?"

"शेजारी मांडव घालून राहिले."

फोन ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हा मी घाबरले, पण भुताला नाही. मला वाटलं, बातमी फुटली. कोणीतरी बोललं आणि त्या पोराला कळलं, आता तो आडून सुचवतो आहे. मी डायरीत लिहिलं, 'वेदांत — कोण? चौकशी.' पाच वाजता शोभाला नेलं. केतकीशिवाय.

पुढचे चार दिवस ती रोज एकदा फोन करायची. आवाज सरळ, प्रश्न तेच. आई कशी आहे? झोपली आहे. बरं. मला वाटलं, निभावलं.

शनिवारी शेवटचा पेपर सुटायच्या वेळी सुधीर आणि मी जठारपेठेतल्या तिच्या मेसवर पोचलो. मेस म्हणजे एका घराचा पुढचा भाग, दोन टेबलं आणि दारासमोर एक प्लास्टिकची खुर्ची. केतकी आली. तिच्या मागे एक उंच, सावळा मुलगा, तोच वेदांत, तिची पाण्याची बाटली घेऊन चालत होता. सुधीर पुढे झाला.

केतकीच म्हणाली, "बाबा, राहू द्या. मले मंगळवारपासून माहीत आहे."

सुधीर तिथेच पायरीवर बसला. आम्ही तिला चार दिवस फसवत होतो आणि ती आम्हाला. दोन पेपर तिनं आई गेलेली माहीत असताना लिहिले होते.

तेराव्यापर्यंत ती घरी राहिली. कोणाशी भांडली नाही. चौदाव्या दिवशी अकोल्याला परत गेली आणि मेमध्ये नीटची परीक्षा झाल्यावरही आली नाही. मग कोणीतरी सुधीरच्या कानावर घातलं की तुझी पोरगी एका पोराबरोबर दिसते, दोघं एकाच मेसमध्ये तासन् तास बसतात. सुधीर वकील माणूस, पण माझ्याकडे येऊन एखाद्या पक्षकारासारखा ओरडला, "ताई, तू जा अन् उचलून आण तिले. त्या पोट्ट्यानंच तिच्या डोक्यात भरवलं हे सगळं!"

मी सकाळच्या एसटीनं निघाले. अकरा वाजता जठारपेठेत उतरले तर रस्ता तव्यासारखा तापलेला, एक कुत्रंही बाहेर नाही. घराघरातून फक्त कूलरचा आवाज. मेसमध्ये तिघंच होते : केतकी, वेदांत आणि आत पोळ्या लाटणाऱ्या मेसच्या मावशी.

"यादी आणली ना आत्या?" केतकी म्हणाली. "काढ. किती मुद्दे?"

"सात."

"हरला रे तू! हा पाच म्हणत होता."

"पाणी घ्या काकू," तो ओशाळून म्हणाला. "थंड आहे."

मी मुद्दा एकपासून सुरुवात केली. वय काय, निकाल काय, बापाची अवस्था काय. केतकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिल्यांदा त्याचं ऐक. त्याच्या घरच्यांनी पण तुह्यासारखीच यादी केली होती."

वेदांत अकोट तालुक्यातला, शेतकरी घरातला, वय अठरा. आदल्या वर्षी त्याची नीट होती रविवारी, आणि त्याचे वडील शुक्रवारी गेले. घरच्यांनी दोन दिवस सांगितलं नाही.

"रोज म्हणत, बाबा वावरात आहे, फोन घरी राहिला," तो म्हणाला. "पेपर देऊन घरी गेलो तं बाबाची खाट धुऊन भिंतीले उभी करून ठेवली होती. खाट पाहून समजलं मले. कोणाले सांगाच लागलं नाई."

"म्हणून तू केतकीले सांगितलं?"

"मी काईच नाई सांगतलं काकू. ती म्हणे, घरचे म्हणतात आई झोपली आहे. मी एवढंच म्हन्लं, फोन आईच्या कानाले लावा म्हणा, नुसता श्वास ऐकाचा आहे म्हणा."

मला तो फोन आठवला. मंगळवारी संध्याकाळचा. मी म्हटलं होतं, आयसीयूत मोबाइल नेऊ देत नाहीत.

"तेव्हाच समजलं मले," केतकी म्हणाली. "रात्रभर हा समोरच्या पायरीवर बसून होता. म्हणे, रडाचं असंल तं आता रडून घे, गुरुवारी अकरा वाजता नाई. मी म्हटलं, तू कोण सांगणारा? तं म्हणे, मी नापास झालेला अनुभवी माणूस आहे." ती हसली. शोभा गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं. "प्रेम-बिम आहे का म्हणून विचाराले आली ना तू? तेव्हा नव्हतं. आता आहे. लिहून घे."

आतून मावशी म्हणाल्या, "लिवा बाई, मी साक्षीदार. भाजी आवडली नाई तं हे दोघं एका सुरात भांडतात माह्याशी."

मी हसले नाही. मुद्दा चार काढला, म्हणजे त्या दिवशीचा खोटेपणा. "आई आली होती असं सांगून तू तिचा विश्वास मिळवला," मी वेदांतला म्हटलं. "बातमी तुले कोणाकडून कळली?"

त्यानं केतकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग. सगळं सांग तिले."

"मी इथं खुर्चीवर बसलो होतो," तो म्हणाला. "दोन वाजले होते. एक बाई आली. अंगात दवाखान्याचा निळा झगा, पायात काई नाई. मले वाटलं, आजूबाजूच्या कोण्या दवाखान्यातून उठून आली असंल. तिनं विचारलं, माह्या केतकीचा पेपर सुटला का? मी म्हन्लं, दहा मिनिटं आहेत मावशी, बसा. तं म्हणे, बसत नाई बापा, जाचं आहे. तिले म्हणा, जेवून घे."

"असं कोणीही सांगू शकते."

"व्हय. केस मागं बांधले होते. रबरानं नाई, फितीनं नाई. जखमेले बांधतात ना पांढरी पट्टी, तिनं."

मावशींचं लाटणं चालू होतं. मला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

त्या दिवशी सकाळी सहा वाजता मला आयसीयूत पाच मिनिटं सोडलं होतं. शोभाचे केस मानेजवळच्या नळीत अडकत होते. रबर सापडेना म्हणून मी नर्सकडून पट्टीचा तुकडा मागून घेतला आणि केस बांधले. नंतर घरी आणेपर्यंत डोक्यावरून चादर होती. आंघोळ घालताना ती पट्टी मीच सोडली आणि केरात टाकली.

"अजून काय म्हणाली?" मी विचारलं.

वेदांत खाली पाहत म्हणाला, "म्हणे, मी सकाळीच ताईले म्हन्लं होतं, पोरीले बोलावा. नाई बोलावलं. म्हणून मीच आली. मी पाणी आणाले आत गेलो. परत येतो तं कोणीच नाई. ही गल्ली सरळ आहे काकू, मेन रोडपर्यंत दिसते."

आमच्या घरात शोभा 'ताई' फक्त मला म्हणायची.

सहा वाजता तिनं माझं मनगट धरलं होतं. "ताई, पोरीले बोलावा." मी म्हटलं, पेपर आहे आज, सुटला की बोलावतो. ती म्हणाली, "पेपर राहू द्या." मी हो-हो म्हणून बाहेर आले. सव्वासहाला फोन केला असता तर गाडीनं केतकी नऊच्या आत पोचली असती. शोभा १०.४० पर्यंत होती. वेळ होता. मी हिशेब करूनच गप्प बसले, कारण मला वाटलं होतं शोभा यातून उठेल आणि पेपर मात्र पुन्हा येणार नाही. सुधीरनं नंतर विचारलं, काही बोलली का? मी म्हटलं, नाही रे, झोपेतच होती. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. डायरीतही लिहिलं नव्हतं.

केतकी माझ्याकडे पाहत होती. "खरं आहे ना?"

मी मान हलवली.

ती टेबलावरचा ग्लास फिरवू लागली. "यानं सांगतलं तरी मले वाटत होतं, आईनं शेवटी माही आठवणच नाई काढली," ती म्हणाली. "बाबाले अजून पण तेच वाटते. आत्या, बाबाले सांग. तू सांग, मी नाई. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी मी घरी येईन. अन् वेदांतले कोणी पोट्टा म्हणाचं नाई."

बाकीचे तीन मुद्दे मी काढलेच नाहीत. दोनची एसटी पकडली.

परत आल्यावर मी माझ्या पद्धतीनं तपास केला. ती नर्स भेटली. तिला पट्टी आठवत नव्हती आणि अकोल्यात तिचं कोणी नाही. वेदांत त्या दिवशी दीड वाजेपर्यंत अकोल्यातच क्लासमध्ये होता, यंत्रावर अंगठ्याची नोंद आहे. मेसच्या मावशी म्हणतात की त्यांनी बाई पाहिली नाही, पण तो पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेला आणि भरलेला ग्लास घेऊन परत आला, हे पाहिलं. पट्टी एक वेळ कोणाच्या नजरेला पडली असेल, पण सहा वाजताचं बोलणं आम्ही दोघीच जाणत होतो. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर जरूर कळवावं, मी शांतपणे वाचेन.

निकाल लागला. केतकीनं अकोल्यातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, वेदांतनं डॉक्टरकीचा नाद सोडून कृषीला. ती मला फोन करते, दोन मिनिटं बोलते आणि शेवटी विचारते, "सांगितलं का?"

सुधीर दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. गेल्या रविवारी वरण ओतून घेताना म्हणाला, "ताई, शोभा एकदा तरी पोरीचं नाव घेईन असं वाटलं होतं." मी उठले आणि लोणचं आणायला आत गेले. लोणचं टेबलावरच होतं.

आज रविवार. वांग्याची भाजी झाली, पोळ्या व्हायच्या आहेत. तो साडेबाराला येईल. 'सुधीरला सांगणे' हे काम अकराव्यांदा पुढच्या पानावर उतरवलं आहे. झालेलं नाही.