करपल्या दुधावानी

माझ्या साळ्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, मी बारा वर्षं छळलं. त्यात मला मजा येत होती, हे आधीच सांगून टाकतो.

लग्नानंतर तो पहिल्यांदा अमरावतीला आमच्या घरी आला तेव्हा मी त्याला स्टाऊट बिअर पाजली. काळीकुट्ट, कडक, वर तांबूस फेस. मी बिअरच्या कारखान्यात चव घेणाऱ्यांपैकी एक. ग्लास नाकाशी धरायचा, घोट तोंडात फिरवायचा, कागदावर गुण लिहायचे, याचाच पगार. त्यानं एक घोट घेतला, बराच विचार केला आणि म्हणाला, "करपल्या दुधावानी लागते, भाऊजी."

मी खो खो हसलो. पुढं प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना, चारचौघांत तो किस्सा सांगितला. गाढवाला गुळाची चव काय, म्हणायचो. तोही हसायचा. खरं म्हणजे कारखान्यात शिकवलेल्या शब्दांच्या यादीत 'करपलेलं दूध' होतं, आणि त्या बाटलीत ती चव होतीही. मला ती त्यानं म्हटल्यावर लागली. अकोल्याच्या दालमिलमध्ये मूठभर तूर नाकाशी धरून औंदाची की गेल्या सालची ते सांगणारा माणूस तो. पण हे मी त्याला कधी बोललो नाही. कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात मला ताप आला आणि वास गेला. पुरता गेला. जिभेवर कडू, गोड, खारट, आंबट एवढंच उरलं. बायकोलाही सांगितलं नाही. कारखान्यात कळलं असतं तर खुर्ची गेली असती, आणि या वयात मला दुसरं येतं काय? चव घ्यायला शेजारी बसलेल्याच्या भुवया पाहून गुण लिहायचो. स्टाऊटचं तर पाठच होतं: कॉफी, जळका गूळ, कडू चॉकलेट. एकदा घरी शेगडी विझून गॅस सुटत राहिला आणि मी बाजूलाच पेपर वाचत बसलो होतो. लक्ष नसतं म्हणून बायको वाट्टेल ते बोलली. मी ऐकून घेतलं. लक्ष नसतं असं तिला वाटलेलंच बरं होतं.

अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. सासूबाईंनी धोंडे खायला अकोल्याला बोलावलं. पानं वाढायच्या आधी साळ्यानं मला वरच्या खोलीत नेलं, कूलर लावला, दार लोटलं. अधिकात घरात बाटली आल्याचं कळलं असतं तर सासूबाईंनी दोघांनाही उपाशी हाकललं असतं. त्यानं स्टाऊटचे तीन ग्लास पुढं ठेवले.

"तुमच्या कारखान्यातल्यावानी, भाऊजी. दोनात एकच हाये, एकात येगळं. वळखा."

मी ग्लास नाकाशी नेले, डोळे मिटले, घोट घेतले. तिन्हींत नुसतं गार आणि कडू. तरी तोंड चालूच. "मधला वेगळा. पातळ आहे. पहिल्यात आणि तिसऱ्यात कॉफी बघ कशी उतरली आहे. तिसरा तर एकदम स्वच्छ. पण तुला सांगून काय उपयोग, तुझी जीभ बैलाची."

तो हसला नाही. "तिसऱ्यात म्या हिंग कालवला जी," तो हळू म्हणाला. "नाकाजवळ नेताच तुमी शिव्या देसान, असं वाटलं होतं मले."

कूलर घरघरत होता. मग त्यानं विचारलं, "कवापासून?"

बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा हात धरला. "कोणाला बोलू नको. नोकरी जाईल माझी."

"ताईले मालूम हाये?"

"नाही."

"नाही सांगत," म्हणाला, आणि ग्लास मोरीत उलटे करून विसळू लागला. त्यानं माझी कीव केली, हेच मला झोंबलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

खाली पंगत बसली. धोंडे, वर साजूक तूप, वाटीत बासुंदी. सगळे मान खाली घालून जेवत होते. सासूबाई घाबरत घाबरत म्हणाल्या, "बासुंदी चालते ना, जावईबापू?"

मी तोंड उघडणार, तोच साळा ताटात पाहत सावकाश बोलला, "करपल्या दुधावानी लागते, नाही का भाऊजी?"

मला वाटलं, हा आता उट्टं काढतोय. सगळ्यांदेखत. माझं डोकं फिरलं.

"ऐका," मी पंगतीला म्हटलं, "याला सगळंच करपल्या दुधावानी लागतं. अशी बासुंदी मी जन्मात खाल्ली नाही. काय वास सुटलाय! दालमिलची धूळ खाऊन याचं नाकच गेलं."

कोणी हसलं नाही. सासूबाईंच्या हातात पळी तशीच राहिली. "करपलीच हाये जी," त्या ओशाळून म्हणाल्या. "बुडाले लागली. सकाळपासून घरभर वास हाये. तुमाले नाही आला?"

साळ्यानं मान वर केली नाही. तो मला उत्तर सांगत होता, हे मला तेव्हा कळलं.

बायको माझ्याकडे पाहत होती. "म्हणजे त्या दिवशी गॅसचाही नव्हता आला," ती म्हणाली. "आपली पोरगी आत झोपली होती."

मी वाटी उचलून तोंडाला लावली. बासुंदी गोड होती.