अण्णांचं न फोडलेलं पार्सल

नाणी जमवायला पैसा लागतो, किस्से फुकट जमतात! माझ्याकडे चांदीची नाणी जेमतेम नऊ, पण किस्से सांगायला बसलो तर दोन चहा सहज होतील.

अण्णा मोहरील, ठोसर आणि मी. तिघंही कारखान्यातून रिटायर झालेले, दर रविवारी बरखेड्यात पोहे-जिलेबीच्या ठेल्यावर जमणारे. नाद एकच: प्रूफ नाणी. म्हणजे टाकसाळीनं खास संग्रहासाठी पाडलेली, आरशासारखी लखलखीत. आणि भांडणही एकच: ही नाणी ग्रेडिंगला पाठवायची की नाही? पाठवली की तिथले तज्ज्ञ नाणं तपासतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडतात.

*

ठोसरची सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. खिशात भिंग कायम. ग्रेडिंगचं कळल्यापासून हा माणूस जगालाच सत्तरपैकी मार्क देत सुटलाय. पोह्यांची प्लेट आली की, "अडुसष्ट. दोन शेंगदाण्यांचे कापले."

भाचीच्या लग्नात नवरदेवाकडे निरखून बघत म्हणाला, "एकसष्ट. कडा झिजल्यात!"

नवरदेवाचे वडील शेजारीच उभे होते हो!

*

आमच्यात पहिलं नाणं ठोसरनंच पाठवलं. चौसष्ट मार्क आले. असा खवळला! "जन्मभर मी लोकांचा माल रिजेक्ट केला, माझा माल नापास करणारे हे कोण?"

पुन्हा फी भरली, दीड पानी पत्र जोडलं आणि नाणं फेरतपासणीला धाडलं. ते पत्र आम्हाला दर रविवारी वाचून दाखवायचा. शेवटी उत्तर आलं.

त्रेसष्ट!

त्या रविवारी पोह्यांना मार्क मिळाले नाहीत.

*

आता माझी फजिती. म्हटलं, ग्रेडिंगच्या आधी सोनागिरीतल्या आमच्या सराफाला एकदा दाखवू तरी. नाणं डबीतून काढून त्याच्या हातात दिलं. "अरे भैया, रुको..." म्हणेपर्यंत त्यानं ते कसोटीच्या दगडावर कर्रकन घासलं! वर हसून म्हणतो, "टेंशन मत लो साहब, चांदी एकदम खरी है!"

माझ्यापुरता ग्रेडिंगचा प्रश्न तिथंच मिटला. वाईट वाटलं, पण खरं सांगू? डोक्यावरचं ओझंही उतरलं.

*

अण्णांची गोष्टच वेगळी. त्यांच्याकडे नाणं एकच, आणि तेही कुणी पाहिलेलं नाही! टाकसाळीतून आलेलं खाकी पार्सल त्यांनी कधी फोडलंच नाही. नातीच्या लग्नात द्यायचं म्हणून कपाटात, वहिनींच्या शालूखाली ठेवलेलं. मुलगा पुण्याहून फोन करायचा, "बाबा, ग्रेडिंग करून घ्या, नाहीतर ते नुसतं चांदीचं नाणं."

अण्णांचा जीव टांगणीला! "फोडलं आणि मार्क कमी आले, तर इतकी वर्षं मी सांभाळलं काय?"

एकदा मन घट्ट करून स्वतःच पार्सल ग्रेडिंगला द्यायला निघाले. कुरियरवर विश्वास नाही! हबीबगंज स्टेशनावर शिपाई म्हणाला, "अंकल, बैग मशीन में डालो." एक्स-रेनं चांदीला काही होतं का, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? अण्णा पार्सल छातीशी धरून वाद घालत राहिले आणि गाडी निघून गेली.

घरी आले तेच हसत. "बरं झालं गेली," म्हणाले.

*

अण्णांची वहिनींबद्दल तक्रार एकच. दर लक्ष्मीपूजनाला ऐन मुहूर्तावर वहिनींना आठवतं की कापूर संपलाय! मग अण्णा नवा सदरा घालून दुकानं धुंडाळत फिरतात. "अख्खा फराळ वेळेवर होतो, एक कापूर तेवढा हिला आठवत नाही!" हे गाऱ्हाणं आम्ही दर दिवाळीला ऐकतो.

*

गेल्या महिन्यात ठोसर म्हणाला, "अण्णा, ग्रेडिंगवाले ते फोडणारच. मग पहिल्यांदा तुम्हीच बघा ना!" झालं, अण्णांच्या घरी बैठक बसली. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. ठोसरनं भिंग लावून पार्सल चारी बाजूंनी तपासलं.

"सील ओके. कुणाचा हात लागलेला नाही. सत्तरपैकी सत्तर!"

अण्णांनी पार्सल फोडलं. आत डबी. डबीत नाणं. नाण्यावर हळदीकुंकवाचा हा थर, आणि कडेला चिकटलेल्या चार अक्षता!

ठोसरनं भिंग नाण्यावर धरलं. वहिनी म्हणाल्या, "असं काय बघता? घरात लक्ष्मी आणायची न् तिला कुंकू नाही लावायचं? दर दिवाळीला पूजा करत होते. मग पुन्हा कणकेची खळ लावून चिकटवायची."

ठोसरनं गुपचूप भिंग खिशात टाकलं. "हे आता ग्रेडिंगला पाठवून उपयोग नाही."

"नाही ना?" अण्णांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "सुटलो रे बाबा! नातीला हे असंच देऊ, कुंकवासकट!"

मग खुर्चीत रेलून त्यांनी चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कप तसाच हातात धरून वहिनींकडे वळले.

"अगं, म्हणजे कापूर घरात होता?"