दोन बादल्यांची खेप

नामदेव जिन्याच्या वळणावर बसला होता. बसला म्हणजे, कमरेत उसण भरून त्याला उठताच येत नव्हतं. दोन बादल्यांचं गरम पाणी पायऱ्या उतरत माझ्या पायापर्यंत आलं. मॅनेजर काउंटरवरनंच म्हणाला, "ह्याला घरी पाठव. उद्यापासून दुसरा बघतो."

सांगलीतल्या तीन मजली लॉजवर मी हेड रूमबॉय होतो. वय तिशीचं, पण हुद्दा बॉयच. तवा वर खोल्यांत गरम पाण्याचा नळ नव्हता. मागच्या चौकात मोठा बंब. हळदीच्या सीझनला व्यापारी उतरायचे आणि सगळ्यांना आंघोळ एकाच वेळी. लोखंडी बादल्या, काठोकाठ भरलेल्या, आम्ही हातानं वर न्यायचो.

आमच्यात एक खोड होती. एकच बादली घेऊन चढला की त्याला 'बाळंतीण' म्हणायचं. मी कुंडलचा, तालमीतला, दोन्ही हातात दोन घेऊन पळत जायचो. नामदेव जतकडचा, दुष्काळात मेंढरं गेली म्हणून आलेला. तो एकच न्यायचा, दुसरा हात कठड्याला. आदल्या दिवशी मीच त्याला सगळ्यांदेखत चिडवलं. म्हणून त्या दिवशी त्यानं दोन उचलल्या. आजही राग येतो, आणि मॅनेजरपेक्षा माझा मला जास्त येतो.

मी मॅनेजरला म्हणालो, चौकात वर कप्पी बसवा, पाणी दोरानं वर जाईल. तर म्हणे, हे लॉज आहे, विहीर नव्हे. शिवाय खुर्चीत बसल्या बसल्या मलाच शिकवलं, की वजन उचलताना गुडघ्यात वाकावं, कमरेत नाही.

"गुडघं वाकवतो सायेब," मी म्हणालो. "पर पायऱ्या बेचाळीस हायत. त्या कुठं वाकवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीला हात लावला नाही. बाकीच्या दोघा रूमबॉयनीही नाही. वरनं घंटीवर घंटी. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे हळदीचे शेठ टॉवेलवरच खाली आले.

"आवं शेठ, पाणी तापलंय. न्या की," मी म्हणालो.

माणूस जिद्दीचा. खरंच बादली उचलली. पहिल्या वळणावर टेकवली, कमरेवर हात ठेवला आणि तसेच मॅनेजरकडं वळले. "माझ्या गोदामात एकटा हमाल पोतं उचलत नाही. दुसरा हात लावतो, मग ते पाठीवर जातं. तुमच्याकडं ह्यांना हात लावायला कोण आहे?"

मी तेवढ्यात घुसलो. "नामदेव बी परत पायजे."

"त्याला वाकता येत नाही," मॅनेजर म्हणाला.

"उभ्यानं बंबाची तोटी तर सोडंल?"

आठवड्यात कप्पी बसली. आम्ही घसा कोरडा केला तवा मॅनेजरला ऐकू आलं नाही. गिऱ्हाइकाची कंबर दुखली तवा आलं. प्रत्येक बादलीत आतनं लाल रेघ मारली, पाणी तिथवरच. नामदेव बंबाशी उभा राहून भरायचा, रेघेच्या वर कुणालाच देत नसे.

पहिल्या मजल्याचं पाणी मात्र हातानंच जायचं. मी दोन बादल्या पुढं केल्या की तो एकच भरायचा, तीही रेघेच्या बोटभर खाली.

"जा बाळंतिणी," म्हणायचा. "कठडा धर."

मी धरायचो.